मशीन जळगावात नसलं तरी

पुणे

चि. माई हिस,


परवा फोनवर तू विचारलंस की सिस्टीम प्रोग्रॅमिंगच्या पेपरात आयबीएम ३६० चा असेंबलर अजून कशासाठी ठेवलाय. जे मशीन तुमच्या सरांनी पाहिलेलं नाही आणि तुमच्यापैकी कुणी पाहण्याची शक्यता नाही, त्याच्या टेबलांनी पानंच्या पानं भरायची, परीक्षेत ओतायची आणि विसरून जायचं. तुझा प्रश्न रास्त आहे. फोनवर त्याचं उत्तर होण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. ते मुद्दाम उघडं लिहितोय, कारण जळगाव, धुळे, शिरपूरच्या कॉलेजांत हाच प्रश्न पडलेली पुष्कळ मुलं-मुली असणार.

आधी निकाल सांगतो. पाठ करण्यात काही अर्थ नाही, हे तुझं बरोबर. पण मशीन आपल्यापाशी नाही, हे आता खरं राहिलेलं नाही. तुझ्या लॅपटॉपवर ३६० चा प्रोग्राम लिहिता येतो, असेंबल करता येतो, चालवता येतो आणि कोसळला तर का कोसळला ते वाचताही येतं. त्याला एक पैसा लागत नाही. माझं सगळं नोकरीचं आयुष्य याच कामात गेलं आहे: मेनफ्रेमचे असेंब्ली प्रोग्राम मेनफ्रेमपासून लांब, टेबलावरच्या मशीनवर घडवायचे आणि मग तिकडे न्यायचे. म्हणून हे ठासून सांगतो.

तुझ्या पुस्तकापासून सुरुवात करू. जॉन डोनोव्हन यांचं 'सिस्टीम्स प्रोग्रॅमिंग' १९७२ चं आहे. ते एमआयटीत शिकवायचे आणि त्या काळी जगभर पसरलेलं मशीन होतं ३६०. आयबीएमने ते ७ एप्रिल १९६४ ला जाहीर केलं होतं. लहानापासून मोठ्यापर्यंत मशीनचं एक अख्खं कुटुंब आणि सगळ्यांची सूचनांची भाषा एकच, ही त्यातली मोठी गोष्ट. आपल्याकडच्या कॉलेजांत हे पुस्तक असं रुजलं की आमच्या वेळी, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ नुकतंच निघालं होतं तेव्हा, गिरणेकाठच्या बांभोरीत काय आणि धुळ्यात काय, मुलं एमओटी, पीओटी, सिम्बॉल टेबल, लिटरल टेबल, बेस टेबल अशी रांगच्या रांग घडाघडा म्हणायची. जोडीला आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे सर यांचं पुस्तक असायचं. सरांनी शिकवण्याच्या सोयीसाठी एक काल्पनिक मशीन घेतलं आहे. 'मूव्हर एरेग' वगैरे सूचना तिथल्या. ते पुस्तक उत्तम आहे, पण दोन्ही पुस्तकं एकत्र वाचली की मुलांच्या मनात घोटाळा होतो. त्यांना वाटतं डोनोव्हनचं मशीनही तसंच, कागदावरचं. ते तसं नाही. त्याचे वारस आज बँकांच्या डेटा सेंटरमध्ये चालू आहेत, आणि १९६४ मध्ये 'लोड' या सूचनेला दिलेला ५८ हा आकडा २०२२ साली आलेल्या झेड १६ या मेनफ्रेमवरही 'लोड'च आहे.

आता वही घे. पाच आणि सहा यांची बेरीज करणारा प्रोग्राम. पहिली ओळ बीएएलआर १२,०. तिच्याखाली यूझिंग, म्हणजे असेंबलरला दिलेला शब्द की इथून पुढे बारावं रजिस्टर बेस समज. मग 'एल'ने पाच पहिल्या रजिस्टरमध्ये आणायचे, 'ए'ने त्यात सहा मिळवायचे, 'एसटी'ने बेरीज ठेवायची, बीआर १४ ने परत जायचं. त्याखाली पाच, सहा आणि बेरजेची मोकळी जागा, प्रत्येकी चार बाइट.

कोड हाताने काढ. बीएएलआर दोन बाइटांचा, कोड ०५सी०. तो चालला की बाराव्या रजिस्टरमध्ये पुढच्या सूचनेचा पत्ता येतो, म्हणजे २. यूझिंगला जागा लागत नाही; ती असेंबलरशी बोलणारी ओळ, मशीनला ती दिसतही नाही. पुढच्या तीन सूचना चार-चार बाइटांच्या, शेवटची दोनची. म्हणजे पाच हा आकडा पडला सोळाव्या पत्त्यावर. सोळातून बेसचे दोन गेले, राहिले चौदा, हेक्समध्ये ई. म्हणून 'एल'चा कोड ५८१० सी००ई. सहा आहे विसाव्या पत्त्यावर. त्यातून दोन गेले अठरा, हेक्समध्ये १२. 'ए'चा कोड ५ए१० सी०१२. 'एसटी'चा ५०१० सी०१६, आणि परतीचा ०७एफई.

यातला 'सी' म्हणजे बारावं रजिस्टर, आणि त्याच्यापुढचे तीन हेक्स अंक म्हणजे बेसपासूनचं अंतर. तीन हेक्स अंक म्हणजे बारा बिट, बारा बिटांत जास्तीत जास्त ४०९६ बाइटांचा पल्ला. एका बेस रजिस्टरची हद्द ४०९६ का, हे पुस्तकात नियम म्हणून येतं. इथे ते डोळ्यांनी दिसतं. त्या काळी स्मृती फार महाग होती. ३६० मधल्या छोट्या मॉडेल ३० ची सुरुवातच आठ हजार बाइटांपासून व्हायची. प्रत्येक सूचनेत पूर्ण पत्ता लिहिला असता तर प्रोग्राम फुगला असता. म्हणून पत्त्याचा मोठा भाग रजिस्टरमध्ये आणि छोटा भाग सूचनेत. शिवाय प्रोग्राम स्मृतीत कुठेही उतरवला तरी बीएएलआर तिथला पत्ता स्वतः उचलतो आणि बाकीचा कोड जसाच्या तसा चालतो. तुमच्या बेस टेबलाचं सगळं गुपित एवढंच आहे.

हे वहीत झालं की लॅपटॉप उघड आणि झेड३९० उतरवून घे. डॉन हिगिन्स नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने ऐंशीच्या दशकात साध्या पीसीवर ३६० च्या पुढच्या पिढीची, म्हणजे ३७० ची, असेंब्ली चालवणारं पीसी/३७० बनवलं होतं. त्यांनीच पुढे जावा भाषेत झेड३९० लिहिलं आणि मुक्त करून टाकलं. विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं, फक्त जावा हवं. प्रोग्राम साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचा, फाइलीच्या नावाला एमएलसी हे शेपूट, आणि आज्ञा द्यायची एएसएमएलजी, म्हणजे असेंबल, लिंक आणि गो. त्यातून जी पीआरएन फाइल येते ती लिस्टिंग. तिच्या डाव्या बाजूला पत्ता, त्याच्या शेजारी मशीन कोड, उजवीकडे तुझी ओळ. तिथे ५८१० सी००ई दिसलं पाहिजे. तुझ्या वहीतला कोड आणि लिस्टिंगमधला कोड अक्षर न् अक्षर जुळला, की या पेपराची भीती गेली असं समज. नाही जुळला तर कुठल्या ओळीपासून फरक पडला ते पाहा; तोच तुझा अभ्यास. बेरीज पडद्यावर दिसणार नाही, कारण ती दाखवायला आपण सांगितलेलंच नाही. त्यासाठी डब्ल्यूटीओ नावाचा मॅक्रो आहे, आणि आकडा छापण्याजोगा करायला आधी सीव्हीडी आणि मग यूएनपीके लागतं. ते तू स्वतः शोध, मी सांगत नाही.

दुसऱ्याच मशीनवर बसून मेनफ्रेमचं काम करणं ही आजची युक्ती आहे असं समजू नकोस. ३६० आलं तेव्हाच आयबीएमपुढे प्रश्न होता की आधीच्या १४०१ या मशीनवर गिऱ्हाइकांनी लिहिलेल्या प्रोग्रामांचं काय करायचं. म्हणून मॉडेल ३० च्या पोटात मायक्रोकोड घालून ते १४०१ चे प्रोग्राम चालवेल अशी सोय केली. म्हणजे ज्या मशीनची आज आपण नक्कल करतो, तेच स्वतः नकलाकार होतं.

आपल्या देशात तर मशीन दुसरीकडे आणि माणूस इथे, ही परिस्थितीच होती. परकीय चलनाच्या कायद्याने विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितलं, आयबीएमला ते मान्य नव्हतं, आणि १९७८ मध्ये ती भारतातून गेली. तिची इथे उरलेली मशीनं सांभाळण्याचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. जी पोकळी झाली तिच्यात देशी कंपन्या शिरल्या, आणि त्यातली एक आपल्या खान्देशातली होती. अमळनेरला १९४५ साली महंमद हशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच विप्रो. १९६६ मध्ये ती अझीम प्रेमजींकडे आली आणि ऐंशीच्या सुरुवातीला संगणक बनवू लागली. आपल्याकडची मुलं संगणकाचं क्षेत्र म्हटलं की पुणे-बंगळूरकडे पाहतात. त्यांनी एकदा अमळनेरकडेही पाहावं.

पण देशी मिनी संगणक निराळे आणि अमेरिकेतल्या बँकांची, विमान कंपन्यांची मेनफ्रेम निराळी. काम तिथल्या मशीनचं होतं. १९७४ च्या सुमारास मुंबईच्या टीसीएसने अमेरिकेतल्या बरोज कंपनीचं काम घेतलं तेव्हा त्यांच्या हाताशी मशीन होतं ब्रिटिश बनावटीचं आयसीएल १९०३. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात निघाली, आणि सुरुवातीची जवळजवळ दोन वर्षं तिच्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. मशीन इकडे आणणं महाग, आयात शुल्क डोईजड, म्हणून माणसंच तिकडे पाठवायची. एका पिढीची ऐन उमेदीची वर्षं अशी परक्या गावात गेली. मला त्या पिढीबद्दल फार आदर आहे. नव्वदच्या सुमारास सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क निघाले, पहिल्या काहींत पुणं होतं, आणि उपग्रहाच्या दुव्याने तिकडचं मशीन इथून वापरता येऊ लागलं.

तिकडे अमेरिकेतही टेबलावरच्या मेनफ्रेमचे प्रयोग चालूच होते. १९८३ मध्ये आयबीएमने एक्सटी/३७० काढलं. साध्या पीसी एक्सटीत जादा कार्डं घातलेली, त्यावर मोटोरोलाच्या दोन ६८००० चिप, आणि त्यातली एक आतून बदलून ३७० च्या सूचना समजेल अशी केलेली. नव्वदच्या दशकात पी/३९० आलं: पीसीत बसणारं एक कार्ड, त्यावर आयबीएमची खरीखुरी ऑपरेटिंग सिस्टीम चालायची.

त्या कार्डाशी माझा संबंध आला तो वायटूकेच्या दिवसांत. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा आमच्या आणि अमेरिकेतल्या मशीनच्या मध्ये ६४ केबीपीएसची लाइन होती आणि तीही अख्ख्या मजल्याला मिळून. तिकडच्या मशीनचा प्रत्येक सीपीयू सेकंद बिलात लागायचा. पण खरी अडचण तारखेची होती. जुन्या प्रोग्रामांत तारीख तीन बाइटांच्या पॅक्ड फील्डमध्ये ठेवलेली असे. तीन बाइटांत पाच अंक आणि एक चिन्ह मावतं: वर्षाचे दोन अंक, दिवसाचे तीन. १ जानेवारी २००० म्हणजे तिथे ००००१, आणि तो ९९३६५ च्या आधीचा ठरणार. दुरुस्ती बरोबर झाली का हे पाहायला घड्याळ ३१ डिसेंबर १९९९ ला न्यावं लागतं, आणि बँकेच्या चालू मशीनचं घड्याळ पुढे न्यायला कोण परवानगी देईल? टेबलाखालच्या छोट्या मशीनचं घड्याळ मात्र आपलं. आम्ही ती मध्यरात्र त्या कार्डावर पुन्हा पुन्हा आणली, दुरुस्त्या तपासल्या आणि मगच कोड तिकडे पाठवला. लांबच्या मशीनचं काम जवळच्या मशीनवर का करावं, याचं याहून नेमकं कारण मला आजवर मिळालेलं नाही.

आता सावध करतो. जवळचं मशीन फसवतंही, आणि ते कुठे फसवतं हे ज्याला कळलं तोच या कामाचा माणूस.

पहिली फसवणूक अक्षरांची. तुझ्या लॅपटॉपवर इंग्रजी कॅपिटल 'ए' हे अक्षर हेक्स ४१ म्हणून साठवलं जातं, ती आस्की पद्धत. मेनफ्रेमवर तेच अक्षर सी१, ती एबसिडिक. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात तू पाहिलंस ना, मराठी तीच पण मोडीत लिहिलेली, बालबोध वाचणाऱ्याला एक ओळ लागत नाही, तसंच हे. नुसती रूपं वेगळी असती तरी भागलं असतं, पण क्रमही वेगळा आहे. आस्कीत अंक आधी, मग कॅपिटल अक्षरं, मग छोटी. एबसिडिकमध्ये बरोबर उलटं: छोटी, मग कॅपिटल, आणि अंक शेवटी. शाखांचे कोड जे१ आणि जेए असे असतील तर लॅपटॉपवर जे१ आधी येईल, मेनफ्रेमवर जेए. क्रमाने लावलेल्या दोन फाइली जुळवणारा प्रोग्राम यावर आडवा होतो. आणि एबसिडिकमध्ये 'आय' आहे सी९ वर, त्याच्यापुढचं 'जे' एकदम डी१ वर. मध्ये मोकळ्या जागा आहेत. 'ए' मध्ये एक-एक मिळवत 'झेड'पर्यंत जाणारा लूप तिथे भलत्याच चिन्हांतून जातो.

दुसरी, फाइल नेण्या-आणण्याची. ही नीट वाच, कारण यात पैसे बुडतात. १२३ हा आकडा अक्षरांत लिहिला तर मेनफ्रेमवर तो एफ१ एफ२ एफ३. पॅक केला की १२३एफ होतो. शेवटचं एफ हे चिन्ह आणि ते चालतं. तीच फाइल लॅपटॉपवरून अक्षरं न बदलता तशीच नेली तर तिथे पोचतं ३१ ३२ ३३. पॅक केलं की १२३३. शेवटचा ३ चिन्हाच्या जागी बसला. चिन्ह ए ते एफ यांपैकीच असावं लागतं, त्यामुळे पहिल्या बेरजेलाच मशीन काम थांबवतं आणि एस०सी७ असा शेरा मारतं. मेनफ्रेमवर काम करणारा प्रत्येक जण या शेऱ्याला ओळखतो. मी त्याला हितकर्ता मानतो, कारण तो चुकीचं उत्तर देण्याऐवजी थांबतो.

याच्या उलट घडतं तेव्हा काय होतं ते पाहा. मेनफ्रेमवर १४०५ रुपये तीन बाइटांत पॅक केले आहेत: ०१ ४० ५सी. कुणीतरी ती फाइल मजकूर समजून उतरवली, म्हणजे उतरताना प्रत्येक बाइटची एबसिडिकमधून आस्की झाली. ०१ तसाच राहिला. ४० ही तिकडची मोकळी जागा, तिची झाली २०. ५सी हा तिकडचा तारा, त्याचा झाला २ए. लॅपटॉपवर आता आहे ०१ २० २ए. आणि ए हे चिन्ह म्हणून चालतं, अधिकचं. प्रोग्राम न थांबता सांगतो: १२०२ रुपये. शेरा नाही, तक्रार नाही, दोनशे तीन रुपये गेले. म्हणून नियम असा: ज्या फाइलीत पॅक्ड किंवा बायनरी आकडे आहेत ती बाइटला बाइट तशीच आणायची, आणि जिच्यात निव्वळ मजकूर आहे तीच रूपांतर करून. असेंबलरने काढलेल्या ऑब्जेक्ट फाइललाही हेच लागू. तिची प्रत्येक नोंद ऐंशी बाइटांची, सुरुवात ०२ या बाइटने, पुढे ईएसडी, टीएक्सटी, आरएलडी, एंड ही नावं. डोनोव्हनच्या लोडरच्या प्रकरणात तुम्ही वाचता ती हीच कार्डं. ती मजकूर म्हणून पाठवली की मेली.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. ओळ ऐंशी रकान्यांची. ७२ व्या रकान्यात काहीही अक्षर पडलं तर असेंबलर समजतो की वाक्य पुढच्या ओळीवर गेलं, आणि तिथे ते सोळाव्या रकान्यापासून वाचतो. तुझ्या एडिटरने जागेऐवजी टॅब घातला की सगळं हललं. एडिटर तसा लावून घे. आणि पुस्तकातला प्रोग्राम बोलावणाऱ्याची रजिस्टरं न जपता चालतो, कारण त्याला गाभा दाखवायचा असतो. नोकरीत पहिलं काम ते: तेराव्या रजिस्टरने दाखवलेल्या ७२ बाइटांच्या जागेत बोलावणाऱ्याची रजिस्टरं ठेवायची आणि जाताना परत द्यायची.

तिसरी फसवणूक यांहून खोल आहे. सूचनांची नक्कल लॅपटॉप तंतोतंत करतो, पण प्रोग्राम नुसत्या सूचनांवर चालत नाही. फाइल उघडणं, नोंद वाचणं, स्मृती मागणं हे तो ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो, मॅक्रो आणि एसव्हीसी यांच्यामार्फत. झेड३९० स्वतःचे मॅक्रो देतं, ते शिकायला पुरेसे आहेत, पण ते आयबीएमचे नव्हेत. टॅकियॉन, डिग्नस यांसारख्या कंपन्यांचे पीसीवर चालणारे असेंबलर विकत मिळतात आणि कंपन्यांत वापरले जातात. त्यांनाही मॅक्रोंची लायब्ररी मूळ मशीनवरूनच द्यावी लागते. म्हणून आमच्या कामाची शिस्त ठरलेली आहे. लिहिणं, चुका काढणं, शेकडो छोट्या चाचण्या, जुन्या-नव्या कोडची तुलना हे सगळं टेबलावर; शेवटचं असेंब्ली मात्र मूळ मशीनवरच्या हाय लेव्हल असेंबलरने, आणि शेवटची चाचणी तिथेच. ही पायरी गाळणाऱ्याच्या हाताखाली काम करू नकोस.

झेड३९० वर हात बसला की हर्क्युलस घे. इंग्लंडच्या रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये ते सुरू केलं. ते प्रोग्रामपुरतं न थांबता अख्ख्या मशीनचं सोंग घेतं, डिस्क, टेप, कार्ड रीडर, प्रिंटर सगळ्यासकट. त्यावर आयबीएमची एमव्हीएस ३.८ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम मोफत चालवता येते. लोकांनी ती तयार बांधून ठेवली आहे. तिथे तुला जेसीएल लिहून एएसएमएफसीएलजी ही प्रोसीजर बोलवावी लागेल आणि आमच्या आधीच्या पिढीने जसं काम केलं तसं करता येईल. आजची झेड/ओएस मात्र हर्क्युलसवर चालवायचा परवाना आयबीएम देत नाही. कुठून तरी मिळालेली प्रत वापरू नकोस. तिच्यासाठी आयबीएमचाच झेड एक्सप्लोअर हा विद्यार्थ्यांसाठीचा मोफत मार्ग आहे. त्यात व्हीएस कोडमधून थेट खऱ्या मशीनशी जोडून काम करता येतं, जळगावातल्या घरातून.

नोकरीचंही सांगतो. नुसत्या असेंब्लीच्या जोरावर कॉलेजातून बाहेर पडताच नोकरी मिळेल असं मी म्हणत नाही. नवा प्रोग्राम आज क्वचितच कुणी असेंब्लीत लिहितं. पण विमानांची तिकिटं आणि कार्डांचे व्यवहार हाताळणारी टीपीएफ ही सिस्टीम असेंब्लीतच वाढली. मोठ्या बँकांत असेंब्लीचा जुना कोड अजून रोज चालतो, आणि कोबोलचा प्रोग्राम कोसळला तरी डंप येतो तो याच हेक्स अंकांत. तो वाचणारे लोक निवृत्त होत आहेत. माझ्या बरोबरचे कितीतरी गेले, मीही काही वर्षांत जाईन. त्यांच्या जागी बसायला जी मुलं येतात ती हुशार असतात, पण मशीनच्या आत काय चाललंय हे त्यांना कुणी कधी दाखवलेलं नसतं. तुम्हाला ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच अभ्यासक्रमाने हातात दिलंय. फक्त मशीनशिवाय दिलंय, आणि ती उणीव आता एका डाउनलोडने भरून निघते.

म्हणून माझी एक मागणी आहे, तुझ्याकडे आणि तुझ्यामार्फत तुमच्या सरांकडेही. सी भाषेतला दोन पासचा असेंबलर जरूर लिहा, तो लिहिल्याशिवाय असेंबलर कळत नाही. पण त्याचं उत्तर तपासायला झेड३९० ची लिस्टिंग शेजारी ठेवा. तुमच्या असेंबलरने काढलेला कोड आणि झेड३९० ने काढलेला कोड एकच आला तर प्रॅक्टिकल पूर्ण, नाही आला तर फरक शोधून आणणं हेच पुढचं प्रॅक्टिकल. यासाठी लॅबला काही विकत घ्यावं लागत नाही. सरांना वेळ नसेल तर तुम्ही चार-पाच जणींनी आधी करून दाखवा. धुळ्यातल्या, शिरपूरच्या मैत्रिणींना सामील करून घ्या. फाइल एका मेलमध्ये जाते. अडलं तर मला कळवा. पण 'चालत नाही' एवढंच लिहू नका, लिस्टिंग आणि शेरा दोन्ही पाठवा. मी रात्री उशिरापर्यंत जागाच असतो, माझी कामाची वेळ अमेरिकेची.

अक्कांना आणि दाजींना नमस्कार सांग. पहिली लिस्टिंग या रविवारच्या आत पाठव.

तुझा,
मामा